उंची मोजायला शिकवणाऱ्या फिटरकाकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. "पाणी येतंय ना? मग झालं," म्हणता आणि फोन ठेवता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. दुसरं कारण असं, की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याला आमच्यासारख्या पुष्कळ वाड्या आहेत. डोंगरातला झरा पाइपाने खाली आणायचा, मोटर नको, वीजबिल नको, हा त्यांचाही बेत असतो. तुम्ही आम्हाला जे दाखवलंत ते त्यांना कळलं तर त्यांचे पाइप वाचतील.

आमचा झरा बारमाही. काम करून देणाऱ्याने ६ किलोचा, म्हणजे ६ किलो दाब सोसणारा, पीव्हीसी पाइप घातला आणि तो गेला. वरच्या अंगाला त्या पाइपाला कधी काही झालं नाही. फुटायचा तो खालच्या उतारावर, जांभळाच्या पुढे, आणि बहुतेक वेळा रात्री. सकाळी बायका हंडे घेऊन नळावर यायच्या तेव्हा नळ कोरडा आणि कुणाच्या तरी खाचरात तळं. प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार होतं. झऱ्याला पाणी जास्त झालंय, पाइप हलका आहे, कुणी तरी मुद्दाम फोडतंय. शेवटच्या संशयावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं, हे तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नसेल. उपायही ठरला होता: वरचा पाइप बारीक करायचा आणि झऱ्याजवळचा व्हॉल्व अर्धा बंद ठेवायचा.

तुम्ही आलात आणि फुटलेल्या जागेकडे पाहायच्या आधी विचारलंत, "झरा इथून किती उंच?" पाइप किती लांब हे सगळ्यांना तोंडपाठ होतं, कारण पैसे लांबीचे मोजले होते. उंची एकालाही सांगता आली नाही. मुलांनी मोबाइल काढले, तर प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळा आकडा. मग तुम्ही पिशवीतून गवंड्यांची लेव्हलची नळी काढलीत. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन्ही तोंडं उघडी. नळी कशीही वेडीवाकडी पडली तरी दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला उभं राहतं, एवढ्या एका गोष्टीवर तुम्ही नळापासून झऱ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने सगळा डोंगर मोजलात. सातवीची मुलं काठी धरायला होती आणि त्यांनीच बेरीज केली. ९० मीटर.

त्यानंतरचा हिशेब तुम्ही अंगणात खडूने मांडलात. तो मी आता दरवर्षी वर्गात घेते. एक चौरस सेंटिमीटर जागा धरायची आणि तिच्यावर १० मीटर उंच पाणी उभं करायचं. म्हणजे १,००० घनसेंटिमीटर, एक लिटर, वजन एक किलो. म्हणून दर १० मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब. पाइपावर छापलेला ६ किलोचा आकडा तोच, म्हणजे पाण्याची ६० मीटर उंची. आमचं पाणी ९० मीटरवरून येतं, तर तळाला ९ किलो होतात. झऱ्यापासून ६० मीटर खाली मोजत आलो तर जांभूळ लागलं. पाइप कुठे फुटणार हे डोंगरावर आधीच लिहिलेलं होतं, आणि ते वाचल्यावर कुणावर संशय घ्यायचं कारण उरलं नाही. त्या दोन घरांत आता येणंजाणं आहे. काका, माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं काम हे.

तरी रात्रीच का फुटतो, हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. दिवसा सगळे नळ धो धो चालू असताना जोर जास्त आणि रात्री सगळं शांत, असंच सगळ्यांना वाटायचं. तुम्ही वाद घातला नाही. सगळ्यात खालच्या नळाला प्रेशर गेज लावलंत आणि म्हणालात, संध्याकाळी या. नळ वाहत होते तेव्हा काटा ३ किलोच्या आसपास होता. एकेका घरचा नळ बंद होत गेला तसा काटा चढत गेला. शेवटचा नळ बंद झाला आणि काटा ९ वर जाऊन थांबला. अंधारात बॅटरी धरून सगळी वाडी तो काटा बघत होती. वाहतं पाणी पाइपाच्या अंगाला घासत येतं, त्या घासण्यात दाब खर्च होतो. पाणी थांबलं की घासणं संपतं आणि पूर्ण उंचीचा भार तळावर येतो. व्हॉल्व अर्धा बंद करून किंवा पाइप बारीक करून काही होणार नाही हेही तेव्हाच समजलं. त्याने वाहणारं पाणी कमी झालं असतं, उभ्या पाण्याचा दाब नाही.

पाइप बारीक असो की जाड, तळाचा दाब तोच, हे मला स्वतःला पचायला सगळ्यात अवघड गेलं, विज्ञान शिकवत असूनही. एक इंची नळी ९० मीटर सरळ उभी केली तर तिच्यात साधारण ४५ लिटर पाणी मावतं, तीन हंडे म्हणा. त्या तीन हंड्यांचा तळाशी जेवढा दाब, तेवढाच ९० मीटर खोल धरणाच्या तळाशी. सायमन स्टेव्हिन नावाच्या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ मध्ये हे मांडून ठेवलं आहे. पुस्तकात ते मी पूर्वी वाचलं होतं, पण त्यावर विश्वास त्या काट्याने बसवला.

मग तुम्ही निम्म्या उंचीवर, ४५ मीटरला, बीपीटी बांधायला लावलीत. ब्रेक प्रेशर टाकी. एवढीशी टाकी काय दाब तोडणार, असं पुष्कळांना वाटलं. तिच्यात वरून पाणी मोकळ्या हवेत पडतं, तिथे त्याचा दाब संपतो, आणि खालच्या पाइपाची उंची टाकीतल्या पाण्यापासून नव्याने मोजायची. वर साडेचार किलो, खाली साडेचार किलो. तोच ६ किलोचा पाइप दोन्हीकडे पुरतो. टाकी भरली की फ्लोट व्हॉल्व वरचं पाणी अडवतो, त्यामुळे उन्हाळ्यात थेंबही वाया जात नाही. झाकण हवाबंद करायचं नाही, हवेचं भोक बुजवायचं नाही, डासांसाठी फक्त जाळी, हे तुम्ही तीन वेळा बजावलंत ते बरं झालं. पावसाळ्यात कुणी तरी कचरा जातो म्हणून ते भोक सिमेंटने बंद करायला निघालं होतं. मुलांनी अडवलं.

बाकीच्या गोष्टी तुम्ही जाता जाता केल्यात. पाइप जिथे डोंगराच्या खांद्यावरून चढून उतरतो तिथे एअर व्हॉल्व बसवलात. हवा तिथे अडकायची आणि पुढच्या उतारात जेवढ्या उंचीत हवा, तेवढी पाण्याची उंची फुकट जायची. म्हणून झऱ्याला भरपूर पाणी असूनही खाली धार बारीक यायची. तळाचा झटक्यात बंद होणारा नळ काढून चक्राचा व्हॉल्व दिलात, कारण धावतं पाणी एकदम अडवलं की पाइपाला दणका बसतो. उघडा पाइप मातीत गाडायला लावलात, उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतं म्हणून. शेजारच्या काकींच्या विहिरीवरची मोटर उन्हाळ्यात पाणी ओढेनाशी व्हायची. तिला तुम्ही विहिरीत खाली कट्टा करून बसवलंत. मोटर फक्त नळीतली हवा काढते, पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा, आणि तिची ताकद १०.३ मीटरला संपते. प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या वर भरवसा नाही.

वर्गात याचा किती उपयोग होतो ते तुम्हाला सांगायचंच होतं. विहिरीत खोल बुडी मारली की कान का दुखतात, हे मुलं आता मीटर मोजून सांगतात. कोयना धरणाची भिंत १०३ मीटर उंच, ती तळाशी एवढी रुंद का, हे त्यांना चित्र न दाखवता कळतं. पोफळी तर आपल्याच जिल्ह्यातली. घाटमाथ्यावरचं पाणी तिथे जमिनीखालच्या वीजघरात सुमारे पावणेपाचशे मीटर उंचीवरून येतं. एका मुलीने लगेच पाटीवर मांडलं, ४७ किलो, आणि विचारलं, "बाई, तिथला पाइप कितीचा असेल?" असा प्रश्न माझ्या वर्गात यापूर्वी कधी आला नव्हता. तिला मी पोफळीला घेऊन जाणार आहे. तुम्हीही चला.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत, फक्त येण्याजाण्याचं भाडं घेतलंत. जिन्यासारखी चढण त्या वयात पुन्हा पुन्हा चढलात. वाडीने दिलेली शाल तुम्ही आमच्या पाणी सोडणाऱ्या मुलाच्या खांद्यावर घातलीत, कारण पुढचं सगळं त्याला बघायचं आहे म्हणालात. तो बघतो. एअर व्हॉल्व आणि टाकीची जाळी दर आठवड्याला तपासतो, आणि गेजचा आकडा वहीत लिहितो. काटा साडेचारच्या वर गेलेला नाही.

काका, एक काम आहे. नदीच्या बाजूला दोन नवी घरं होत आहेत. सध्याच्या शेवटच्या नळापासून ती २० मीटर खाली आहेत, मुलांनी लेव्हलची नळी लावून मोजलं. म्हणजे टाकीपासून ६५ मीटर, साडेसहा किलो. ६ किलोचा पाइप चालणार नाही हे आमचं आम्हाला कळलं. तेवढ्या तुकड्याला १० किलोचा पाइप घालावा असं पाणी सोडणाऱ्या मुलाचं म्हणणं. मला वाटतं, शेवटच्या नळाजवळ दुसरी बीपीटी बांधली तर पुढे अजून घरं झाली तरी अडायचं नाही. तुमचा निरोप आला की काम धरतो. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
वाडीच्या शाळेतल्या बाई