विषय: ‘एक ओळ बदला, बाकी कोड तसाच’ या तुमच्या जाहिरातीबद्दल तक्रार आणि रिफंडची मागणी

नमस्कार,

सपोर्टचं तिकीट तुम्ही तीनदा बंद केलंत, तिन्ही वेळा तेच उत्तर चिकटवून, म्हणून आता सरळ मेल करतोय. लांब होणार आहे, पण ज्यांनी जाहिरातीतली ती ओआरएमची (प्रोग्रॅममधल्या मॉडेल्समधून डेटाबेस चालवणारी) लायब्ररी लिहिलीय त्यांच्यापर्यंत पोचवा एवढीच विनंती.

आम्ही तिघं मिळून सांगली जिल्ह्यात दूध संकलनाचं सॉफ्टवेअर चालवतो. सभासद येतो, काट्यावर दूध, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दरपत्रकातून दर, पावती हातात, आणि दर दहा दिवसांनी बिल. सगळं जँगोत, म्हणजे पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, लिहिलेलं. आधी एका साध्या सर्व्हरवर पोस्टग्रेस (टेबलांचा डेटाबेस) होतं आणि खरं सांगायचं तर काही दुखत नव्हतं. पण प्रत्येक कंपनीचं फॅटचं मशीन वेगवेगळा डेटा पाठवतं, एकात पाण्याचं प्रमाण येतं, एकात येत नाही, एक तापमान पाठवतं, एक पाठवतच नाही, म्हणून मॉन्गोडीबी (टेबलांऐवजी डॉक्युमेंट ठेवणारा डेटाबेस, प्रत्येकातले रकाने वेगळे चालतात) बघत होतो आणि नेमकी तेव्हाच तुमची जाहिरात दिसली. सेटिंग्जमध्ये डेटाबेसची एक ओळ बदला, मॉडेल्स तीच, क्वेऱ्या त्याच, मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइली) त्याच, खाली मॉन्गो. तुमच्या सेल्सच्या साहेबांना मी फोनवर स्पष्ट विचारलं होतं की ट्रान्झॅक्शन (लिहिलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) चालतं ना, तर म्हणाले सर डोळे झाकून घ्या. घेतलं डोळे झाकून.

पहिले दोन महिने छोट्या डेअऱ्यांवर नीट चाललं म्हणून 412 सभासदांची एक मोठी डेअरी त्यावर टाकली. तिथं बिल काढताना 237व्या सभासदाच्या एका नोंदीत फॅटच नव्हतं, मशीनची केबल हलली असणार, आणि प्रोग्रॅम एरर देऊन थांबला. हे होतं अधूनमधून, त्यात काही विशेष नाही. अख्खं बिल ॲटॉमिक ब्लॉकमध्ये आहे, म्हणजे मधे फुटलं तर सगळं मागे जातं, चुकीची नोंद दुरुस्त करायची आणि परत बटण दाबायचं, पोस्टग्रेसवर तीन वर्षं हेच केलं. इथं पण तेच केलं. फक्त इथं मागे काहीच गेलं नव्हतं. 236 जणांची बिलं लिहिली गेली होती, त्यांच्या पेंडीच्या उचलीची कपात पण झाली होती, आणि दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर ती परत झाली.

दुसऱ्या दिवशी एक आजोबा पासबुक घेऊन काउंटरवर आले. 1,450 रुपये दोनदा कापलेले. म्हणाले, म्हशीनं पेंड एकदाच खाल्ली, पैसे दोनदा कशाचे? सेक्रेटरी माझ्याकडे बघतोय, मी लॅपटॉपकडे बघतोय. त्यांच्या मागे रांग होती आणि रांगेतल्या प्रत्येकाचं तेच झालं होतं.

त्या रात्री तुमच्या लायब्ररीचा कोड उघडून बसलो. मॉन्गोत एकापेक्षा जास्त डॉक्युमेंटवर ट्रान्झॅक्शन 4.0 पासून आहे, 2018 सालापासून, पण ते रेप्लिका सेटसारख्या सर्व्हरांच्या गटावरच चालतं, एकट्या सर्व्हरवर नाही. आणि आम्हाला विकलेला तुमचा प्लॅन म्हणजे एकटा सर्व्हर. बरं, मॉन्गो हे लपवत नाही, एकट्या सर्व्हरवर ट्रान्झॅक्शन करायला गेलं की तो चक्क एरर देतो की हे फक्त रेप्लिका सेटच्या मेंबरवर नाहीतर मॉन्गोएसवर (अशा गटांपुढच्या राउटरवर) चालतं. तुमच्या लायब्ररीने तो एरर पकडलाय आणि एक्सेप्टच्या (एरर आल्यावर काय करायचं ते लिहायची जागा) खाली काय लिहिलंय, तर पास, म्हणजे काहीच करू नको. बास, एक शब्द. पुढे सगळं ट्रान्झॅक्शनशिवाय लिहीत सुटायचं. शिवाय डेटाबेस खरंच रोलबॅक करतो का, म्हणजे लिहिलेलं मागे घेतो का, हे बघायची सोय जँगोतच आहे, रोलबॅक_टेस्ट नावाचं टेबल बनवून त्यात एक रो टाकतो, रोलबॅक करतो आणि रो उरली का ते मोजतो. तुम्ही तो तपास बाजूला काढून तिथं हाताने ट्रू लिहून ठेवलंय. याला बग म्हणू नका, कुणीतरी बसून विचार करून लिहिलेलं आहे ते.

आता तारखेचं ऐका, हे मला सापडायला पाच दिवस लागले. आमच्याकडे काही गावांत पहाटे पाचला काटा सुरू होतो. मॉन्गो वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतो, ठीक आहे, पोस्टग्रेस पण टाइमझोनसकट वेळ आत यूटीसीतच ठेवतं, तक्रार त्याची नाही. पण दिवसावार बेरीज करताना जँगो टाइमझोन सांगतो, मॉन्गोच्या ॲग्रीगेशनमध्ये (बेरजेच्या क्वेरीत) तो द्यायची सोय आहे, आणि तुमची लायब्ररी तो मधल्या मधे गाळून टाकते. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे 11 तारखेला पहाटे पाच ते साडेपाचमध्ये घातलेलं दूध तुमच्या हिशोबात 10 तारखेचं. आमचं बिल 1 ते 10, 11 ते 20 असं असतं. जो पहिला येतो, थंडीत कुडकुडत, त्याचंच दूध मागच्या बिलात. कुणी साडेपाचनंतर आला तर बरोबर, त्याआधी आला तर चूक, आणि आम्ही मशीनवाल्याला, टॅबलेटला, शेवटी काट्यावरच्या पोराला शिव्या घालत होतो. त्या पोराची मी नंतर माफी मागितली.

पैशाचे रकाने तुम्ही डबलमध्ये (अपूर्णांक अंदाजे ठेवणाऱ्या प्रकारात) ठेवता हे पण तेव्हाच कळलं. मॉडेलमध्ये आम्ही डेसिमल (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) लिहिलंय, मॉन्गोत डेसिमल128 हा प्रकार 3.4 पासून आहे, 2016 साली आला, तरी तुम्ही डबल वापरता. डबलमध्ये 0.1 अधिक 0.2 म्हणजे 0.30000000000000004 येतं हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. प्रत्येक बिलात दोन-तीन पैशाचा फरक, रक्कम काही नाही, पण डेअरीचा ऑडिटर दोन पैशासाठी दोन तास बसवतो आणि त्याचं बरोबरच आहे.

युनिकची अट (तीच नोंद दोनदा नको) मायग्रेशनमध्ये ‘ओके’ म्हणून येते आणि ती पाळणारा इंडेक्स बनतच नाही, त्यामुळे नेट गेल्यावर टॅबलेटने परत पाठवलेलं दूध दोनदा जमा. फॉरेन कीचं (नोंद सभासदाशी बांधून ठेवणारी अट) तर बोलायलाच नको. तुमच्या कन्सोलमधून आमच्या मुलाने टेस्टचे सभासद डिलीट केले, त्यांच्या नोंदी तशाच लोंबकळत राहिल्या आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

आता पैशाची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. तुम्ही रीडवर, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक वाचनावर, पैसे लावता. आमच्या बिलाच्या पानावर सभासद, त्याचं बँक खातं आणि त्याची कपात एकत्र दिसते, त्यासाठी सिलेक्ट_रिलेटेड (संबंधित डेटा एकदमच आणायची जँगोची सूचना) लिहिलंय, पोस्टग्रेसवर ती जॉइन मारून, म्हणजे टेबलं जोडून, एकच क्वेरी होते. मॉन्गोत जॉइन नसतं असं तुमचे सपोर्टवाले म्हणाले, अहो पण जॉइनचं काम करणारं लुकअप मॉन्गोत 3.2 पासून आहे ना. तुमची लायब्ररी लुकअप वापरत नाही, ती सिलेक्ट_रिलेटेड मुकाट मान डोलावून घेते आणि मग प्रत्येक सभासदामागे दोन वेगळ्या क्वेऱ्या मारते. 1 अधिक 412 गुणिले 2, म्हणजे 825. एक पान उघडायला 825. लोकल मॉन्गोवर प्रोफायलर (क्वेऱ्यांची नोंद ठेवणारी सोय) लेव्हल 2 ला टाकून मोजलंय, अंदाजाने बोलत नाही. सेक्रेटरीने पान पाच वेळा रिफ्रेश केलं की चार हजाराच्या वर रीड, मीटर तुमच्याकडे. लायब्ररी पण तुमची आणि मीटर पण तुमचंच, म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि दळणाचे पैसे आम्ही भरतोय.

यावर तुमचं ठरलेलं उत्तर असं की डेटा एम्बेड करा, डॉक्युमेंटचा विचार करून डिझाइन करा. मान्य. सभासदाच्याच डॉक्युमेंटमध्ये वर्षभराचं दूध घातलं तर दिवसाला दोन नोंदी म्हणजे 730, मॉन्गोच्या 16 एमबीच्या मर्यादेत आरामात बसतं. पण मग ‘आज सगळ्या डेअरीचं दूध किती’ या सगळ्यात साध्या प्रश्नाला प्रत्येक डॉक्युमेंट सोडवत बसायचं, मॉडेल्स बदलायची, क्वेऱ्या बदलायच्या, फॉर्म बदलायचे, मग ती एक ओळ कुठे गेली? तसंच करायचं असतं तर मॉन्गोचा ड्रायव्हर सरळ वापरला असता, तुमच्या लायब्ररीची गरजच काय होती. डॉक्युमेंटचा डेटाबेस वाईट नाहीये, मशीनच्या कच्च्या डेटासाठी तो आम्हाला आवडलाच होता. पण तुम्ही त्याला टेबलांचा सदरा घालून आमच्यासमोर उभा केलात आणि जिथे सदरा बसत नव्हता तिथे सांगायचं सोडून टाचण्या मारल्यात.

चूक आमची पण आहे. मधेच फुटलेलं बिल परत काढताना आधीचं आहे का हे तपासायला हवं होतं, रोलबॅकच्या भरवशावर राहिलो. आणि फोनवर कुणी डोळे झाकून घ्या म्हटलं की आधी डोळे उघडायचे असतात.

आम्ही परत पोस्टग्रेसवर आलोय. मशीनचा वेडावाकडा डेटा जेसनबी रकान्यात (ज्यात प्रत्येक नोंदीचा आकार वेगळा चालतो) टाकतो, ते पोस्टग्रेस 9.4 पासून आहे आणि जँगोचं जेसनफील्ड 3.1 पासून सगळ्या डेटाबेसना चालतं, म्हणजे तुमच्याकडे यायचं जे कारण होतं ते पण राहिलं नाही. हे आम्हाला आधी सुचायला पाहिजे होतं, असो.

मला हवंय ते असं. चार महिन्यांचे रीडचे पैसे परत, निदान ज्या महिन्यांत मोठी डेअरी होती त्या दोन महिन्यांचे तरी पूर्ण. आमच्या डेटाचा पूर्ण डंप, डाउनलोडचे वेगळे पैसे न लावता, कारण जुन्या बिलांची दुरुस्ती अजून चालू आहे आणि 236 पासबुकं हाताने जुळवतोय. आणि तो एक्सेप्टखालचा पास काढा. तिथे एरर येऊ दे. एकट्या सर्व्हरवर ॲटॉमिक चालत नाही हे किमतीच्या पानावर लिहा, खाली बारीक अक्षरात नाही, प्लॅनच्या नावाशेजारी. प्रोफायलरचे लॉग, दोन्ही बिल रनचे प्रिंट आणि लायब्ररीतल्या त्या ओळींचे फोटो जोडलेत. चौथ्यांदा तिकीट बंद केलंत तर हीच सगळी कागदपत्रं घेऊन ग्राहक आयोगात जाईन, तालुक्याला वकील आहेत ओळखीचे आणि ते पण आमच्या एका डेअरीचे सभासद आहेत.

20 तारखेला पुढचं बिल बंद होतंय, त्याआधी डंप हवा. फोन केलात तर सकाळी 5 ते 8 करू नका, काटा चालू असतो.

आपला,
एक (माजी) ग्राहक