राखणदारांच्या हाती जंगल
महोदय,

वर्षावने वाचवण्यासाठी माणसांना बाहेर काढावे लागते, हा समज मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशाच्या पेतेन प्रांताने खोटा ठरवला आहे. तेथील माया जीवावरण राखीव क्षेत्र १९९० मध्ये घोषित झाले आणि पुढे त्याचा काही भाग वाशाक्तून, कार्मेलिता यांसारख्या गावांच्या संस्थांकडे २५ वर्षांच्या कराराने सोपवण्यात आला. महोगनीच्या मोजक्याच झाडांची तोड, चिकल (च्युइंग गमचा) डिंक आणि सजावटीसाठी विकली जाणारी शाते पामची पाने यांवर घरे चालत असल्याने हे लोक वणव्यांविरुद्ध स्वतः गस्त घालतात. त्यांच्याकडील जंगल बव्हंशी उभे आहे, तर त्याच क्षेत्रातील लागुना देल तिग्रे राष्ट्रीय उद्यानात बेकायदा गुरेपालनासाठी प्रचंड तोड झाली. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्यानेही ग्रामसभांना सामूहिक वनांच्या संरक्षणाचा हक्क दिला आहे. सह्याद्रीतील गावांचे प्रलंबित दावे शासनाने विनाविलंब निकाली काढावेत.

– एक वाचक, रत्नागिरी