दादा आपला कोण?

प्रिय आई-बाबा,
सप्रेम नमस्कार.

आई, दादा आपलं कॅथलिक चर्च सोडून बिलिव्हर या नव्या ख्रिस्ती पंथात गेल्यापासून तू एकच विचारतेस, "तो आता आपला कोण?" फोनवर बोलताना रडू येतं, म्हणून लिहून कळवते.

त्याने घरातली सायबिणीची, आपल्या मारिया मातेची, तसबीर उतरवली, पाण्यात बुडून दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. मला ते पटलेलं नाही आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलंय. पण बाप्तिस्मा एकदाच होतो. म्हापशाच्या मिलाग्रीस इगर्जीत, आपल्या चर्चमध्ये, फादरांनी त्याच्या डोक्यावर ओतलेलं पाणी नंतरच्या कुठल्याच पाण्याने धुऊन जात नाही, हीच तर चर्चची शिकवण. आणि त्याने चर्च सोडलं, ख्रिस्त नाही सोडला.

बाबा, तुम्ही म्हणता, चर्च सोडून गेलेल्याशी संबंध ठेवू नये. चर्चच्या कायद्याप्रमाणे त्याला आज ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही, माझ्या बाळाचा धर्मपिताही होता येत नाही. हे मला मान्य आहे. पण त्याला घराबाहेर काढा असं कायदा कुठे सांगतो? १९१७चा जुना कायदा किती कडक! पूर्ण वाळीत टाकलेल्या माणसाशी रोजचा व्यवहारही तोडा, असं त्यात होतं. तरी नवरा-बायको, आईवडील आणि मुलं यांना त्यातून सूट होती. १९८३च्या कायद्यात तर ते कलमच उरलं नाही.

आई, तू संत मोनिकेची प्रार्थना करतेस ना? तिचा मुलगा ऑगस्टीन मानी नावाच्या गुरूच्या पंथात गेला, तेव्हा तिनेही आधी त्याला घरात आणि पंगतीला घ्यायचं बंद केलं होतं. मग तिला स्वप्न पडलं आणि तिने त्याला परत जवळ केलं. त्याला समजवा म्हणून ती एका बिशपच्या मागे लागली, तर तो म्हणाला, त्याला राहू दे, तू देवाकडे माग. ती मुलाच्या मागोमाग समुद्र ओलांडून मिलानला गेली. ३८७ साली तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला, तो तिने पाहिला. दादा परत येईलच असं मी म्हणत नाही. पण त्याच्या मागे जायला आपली काय हरकत आहे?

मिलाग्रीसच्या फेस्ताला कितीतरी हिंदू लईराई देवीची बहीण म्हणून सायबिणीला तेल घालायला येतात. बाबा, त्यांना तुम्ही स्वतः बाकावर सरकून जागा देता. मग पोटच्या पोराला का नाही?

नाताळला त्याला आणि वहिनीला जेवायला बोलवा. संध्याकाळची रोझरीची प्रार्थना नेहमीसारखी होऊ दे. तो बसला नाही तर टोकू नका, त्याच्यासाठी ती बंदही ठेवू नका. सायबिणीवरून त्याने वाद काढलाच, तर "या घरात नको" एवढंच म्हणा.

फोन मात्र बाबांनीच करा. आईने केला तर तुम्हाला हे मान्य नाही, असंच तो धरून चालेल.

तुमची,
धाकटी