वहिनी, मशीनवरचं पांघरूण काढ

कायझर्सलाउटर्न, जर्मनी
जुलै

सौ. वहिनीस सप्रेम नमस्कार,

पेरण्या आटोपल्या, दादाची दुबार पेरणीची धास्ती गेली, हे ऐकून बरं वाटलं. आईशी बोलणं झालं तेव्हा तिचं गाऱ्हाणं ठरलेलंच. "तुह्या वहिनीची मशीन पाय, नुसती धूळ खाऊन राह्यली. एवढे पैसे कायले घातले?" मागून तुझा आवाज आला, "मनच लागत नाही आता." फोनवर सगळं घर कान देऊन बसलेलं असतं, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं.

मला वाटतं, मन शिवणावरून उडालं नाही, गल्लीच्या कामावरून उडालं. तू मशीन घेतलीस हौसेनं. महिनाभरात कुणाच्या साडीला फॉल, कुणाच्या पोट्ट्याची शाळेची पँट, कुणाची बाही सैल करायची, कुणाच्या परकराला नेफा. पैसे मागायची लाज, नाही म्हणायची भीड. हौसेची बिगार झाल्यावर माणूस मशीनवर चादर टाकणारच.

आपल्याकडे मशीन म्हटलं की पोटाचं साधन. सरकारी योजनेतून मिळते तीही त्यासाठीच, आणि त्यात गैर काही नाही. पण त्यामुळे एखादी बाई नुसती आवडीसाठी शिवते हे कुणाला पटत नाही. रिकामटेकडी म्हणतात. इथे उलटं. हे गावच शिलाई मशीनचं, फाफ कंपनी १८६२ मध्ये इथेच सुरू झाली. दुकानात कपडा स्वस्त मिळतो, तरी संध्याकाळच्या शिवणवर्गाला बाया येतात, आपापलं काम घेऊन. दुसऱ्याचं कुणी आणत नाही. एक आजी नुसते एप्रन शिवतात. कशाला इतके, असं त्यांना कुणी विचारत नाही.

आणि बाबा यंत्रांवरून गांधीजींचा दाखला देऊ लागले तर सांग, की १९२४ मध्ये खुद्द गांधीजींनीच सिंगरच्या मशीनला सूट दिली होती. बायकोला हातानं शिवताना होणारा त्रास पाहून सिंगरनं प्रेमापोटी ती बनवली, असं ते म्हणाले होते. सेवाग्राम आपल्यापासून किती दूर आहे? बाबांची बोलती बंद होईल.

तर गल्लीला सांगून टाक, पोळ्यापर्यंत मी कुणाचं शिवत नाही. चौकातल्या टेलरकडे पाठव, त्याचं घर त्यावर चालतं. पुढे कमवावंसं वाटलं तर भाव ठरवून, वही ठेवून कर. तो वेगळा धंदा.

दुसरं, तो कटोरी ब्लाउज. एक बाही उलटी लागलेली, आणि तो अजून मशीनवरच पडलाय ना? चादर उचलली की पहिलं दर्शन त्याचंच. पेटीत टाक त्याला. दिवाळीत मी आले की दोघी मिळून उसवू.

त्याऐवजी छोटूच्या लाकडी नंदीला झूल शिव, तान्हा पोळा तोंडावर आलाय. माप घेत बसू नको. पेपरचा कागद नंदीच्या पाठीवर टाक, दोन्हीकडून पोटापर्यंत दुमड, झाला नमुना. वर लाल सॅटिन, आत जुन्या सुती साडीचं अस्तर. सॅटिन कात्रीखाली सरकतं, म्हणून दोन्हीच्या सुलट बाजू आत ठेवून आधी हातानं कच्चा धावदोरा घाल, मग नमुन्याप्रमाणे काप. कडेनं टीप मार, एका बाजूला उलटवायला चार बोटं जागा सोड. कोपऱ्यांचं जादा कापड टिपेच्या जवळून छाट, नाहीतर उलटवल्यावर तिथे गोळा होतो. मग उलटव, इस्त्री फिरव, जरीची लेस लाव. घुंगरू हातानंच. एका दुपारचं काम आहे, आणि पोरगं बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला घरोघरी फिरेल तेव्हा सगळा गाव पाहील.

उठताना एक कर. संपलं म्हणून उठू नको, सोपं काहीतरी शिल्लक ठेवून ऊठ. सुईत दोरा ओवलेला, बॉबिन भरलेली, पुढची टीप टाचण्या लावून तयार. दुसऱ्या दिवशी बसलं की नुसतं पायदान हलवायचं. मी तरी असंच करते, आणि नोकरीवरून दमून आले तरी दहा मिनिटं शिवणं होतंच.

अर्धा कंटाळा तर मशीनमुळेच येतो गं. खालून दोऱ्याचे झुपके येत असतील तर बॉबिनला दोष देऊ नको, वरचा दोरा पुन्हा ओवून पाहा, बहुतेक वेळा चूक तिथेच निघते. टाके सुटत असतील तर सुई बदल. सुती कापडाला चौदा नंबर, जाड्याला सोळा, झुळझुळीत सॅटिनला अकरा. कापड सरकवणाऱ्या दातांखालचा कापसाचा भुगा काढ, तेलाचे थेंब टाक आणि आधी चिंधीवर चालव, नाहीतर सॅटिनवर डाग पडेल. पट्टा सैल पडला असेल तर जरासा कापून परत अडकवायला दादाला सांग.

झुलीचा फोटो पाठव, नंदीसकट. आणि आईचं हिरव्या काठाचं जुनं लुगडं गोधडीत घालू नका. त्याचे अभ्रे मला करायचे आहेत.

तुझी नणंद