फुटाळ्यावरच्या अनोळखी माणसांचे आभार

काटोल तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून आईला गुडघे दाखवायला नागपुरात आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर थोडं थोडं चाला. वावरातल्या ढेकळांत कुठली आलीय सपाटी! म्हणून दवाखान्यातून थेट भोसलेकालीन फुटाळा तलाव गाठला.

बाकावरून चटकन उठून जागा देणाऱ्या पोरांचे, पाण्याची बाटली पुढं करणाऱ्या ताईंचे आभार. भुट्टेवाल्या दादांचे जरा जास्तच. आईला कवळी आहे हे न सांगता ओळखून त्यांनी दाणे सोलून दिले, वर लिंबू-मीठ. पैसे मात्र एका भुट्ट्याचेच घेतले. "बाई, घाई नोका करू, तलाव कुठी पयून नाही जात," म्हणणारे काका तर बसस्टॉपपर्यंत सोबत आले.

पुढच्या तपासणीला आंबिया बहाराची संत्री आणतो. तेवढी घ्याच.