सिस्टरमावशी, शाल-श्रीफळ नको म्हणालात म्हणून हे पत्र

जय ख्रिस्त मावशी,

निरोप समारंभाला तुम्ही साफ नाही म्हणालात, शाल नको, श्रीफळ नको, वरून "माझ्याबद्दल कोणी माईकवर बोललं तर मी उठून जाईन" असंही ऐकवलंत, म्हणून मग लिहूनच काढतो. अन् सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो, कारण ज्याबद्दल आभार मानायचेत त्याची सुरुवात आपल्या चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर झाली होती, म्हणजे निदान माझा मूर्खपणा तरी सगळ्यांसमोर झाला होता. पुढच्या आठवड्यात तुम्ही नागपूर सोडून नाशिकला लेकीकडे चाललात, सामान बांधून झालं असेल. ती स्टीलची किटली मात्र नेऊ नका, ती आता आमची आहे.

कोरोनानंतरची चर्चच्या सभासदांची पहिली जनरल बॉडी आठवते ना? उपासना आटोपली होती, अर्धे लोक चहा घेऊन पळाले होते, अन् उरलेल्यांसमोर मी खजिनदार म्हणून हिशेब वाचून राहिलो होतो, छताची गळती, कंपाउंडची भिंत, कूलरच्या ताट्या. मागच्या बाकावरून तुम्ही हात वर केला अन् विचारलंत, "आपली मंडळी वाढून राहिली का कमी होऊन राहिली?" पाळकसाहेबांनी सेक्रेटरीकडे पाहिलं, सेक्रेटरीनं माझ्याकडे. मी म्हणालो, "मावशी, आहे तेवढे सांभाळू, तेच खूप झालं. वाढवायला हे काय दुकान आहे का?" लोक हसले. खरं सांगतो, मला ते हसणं आवडलं होतं. तुम्ही काही न बोलता खाली बसलात अन् मला वाटलं विषय संपला.

सोमवारी तुम्ही ऑफिसात हजर. "रजिस्टर काढ."

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्याकडे तीन वर्षं वर्गणी थकली की मतदार यादीतून नाव कमी होतं. नियम आहे, त्यात चूक काही नाही. पण नाव कापलं की त्या माणसाच्या घरी जायचं असं कुठल्याच नियमात नाही, म्हणून कोणी जात नाही. तुम्ही चष्मा लावून एकेका लाल रेघेवर बोट ठेवत गेलात. हा कुठं गेला? पुण्याला, आयटीत. ही? लग्न होऊन रायपूरला. हे? वारले. हा? माहीत नाही. ही? माहीत नाही. हे दोघं? माहीत नाही मावशी. मग एका नावावर बोट आलं अन् मी काहीच बोललो नाही, कारण ते माझ्या धाकट्या भावाचं नाव होतं. रेघ मीच मारली होती. पट्टी लावून, सरळ.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही, ते तुमचे उपकार. फक्त म्हणालात, "आम्ही नर्स लोक वॉर्डाचा चार्ज घेताना आधी खाटा मोजतो. खाट रिकामी दिसली तर एक तर पेशंटला डिस्चार्ज मिळाला, नाहीतर दुसऱ्या वॉर्डात हलवला, नाहीतर गेला. अन् चौथा असतो तो न सांगता निघून गेलेला. त्याच्यासाठी सगळ्यात जास्त पळापळ होते, गेटपर्यंत माणूस जातो, घरी फोन जातो. तुझ्या रजिस्टरात चौघांनाही एकच लाल रेघ आहे."

त्या दिवसापर्यंत मीही तेच म्हणायचो जे आपल्याकडे सगळे म्हणतात, की संख्येला काय महत्त्व, क्वालिटी पाहिजे, दोघं-तिघं जमले तरी प्रभू मध्ये आहे. ते खरंच आहे. पण येशूच्या गोष्टीतल्या मेंढपाळानं आपली शंभर मेंढरं मोजलीच नसती तर नव्व्याण्णवच उरली हे त्याला कळलं असतं का? पेन्टेकॉस्टच्या दिवशी सुमारे तीन हजार माणसं मिळाली हे बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांत लिहून ठेवलंय, म्हणजे कोणीतरी अंदाज घेतलाच होता, अन् योहानानं तर जाळ्यातले मासेसुद्धा मोजून लिहिलेत, एकशे त्रेपन्न. वर तुम्ही मला चिमटा काढलात तो वेगळाच, "संख्येला महत्त्व नाही म्हणतोस अन् दानाची थैली दोनदा मोजतोस." खजिनदाराला यावर काय उत्तर असणार.

मग शनिवार सुरू झाले. माझी ॲक्टिव्हा, मागे तुम्ही, मांडीवर रजिस्टरची झेरॉक्स, अन् मे महिन्यातसुद्धा दुपारी चारला निघायचं म्हणजे निघायचं, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की शहर कुठल्या कुठं निघून गेलंय अन् आपण जागेवरच आहोत. आपली जुनी चर्चेस सदर, सीताबर्डी, मोहननगर या भागात, कारण इंग्रजांच्या काळात साहेबांचे बंगले तिथं, कामठीची छावणी जवळ, रेल्वे जवळ. अन् आपली पोट्टे मंडळी लग्न होऊन फ्लॅट घेतात बेसा, मनीषनगर, बेलतरोडीला, मिहानकडे. सकाळी आठच्या उपासनेला तिथून लहान लेकरं घेऊन यायचं म्हणजे काय ते आपण कधी विचारातच घेतलं नाही, उलट "आजकालच्या तरुणांना देवाची भीती नाही" असं खुशाल बोलत राहिलो.

बेशाचं ते चौथ्या मजल्यावरचं घर मी विसरू शकत नाही. लिफ्ट बंद होती, तुम्ही प्रत्येक मजल्यावर थांबून गुडघे चोळत वर आलात. दार त्या भाऊंनी उघडलं, आधी ओळखलंच नाही. आत किचनच्या दारामागे आपल्या मंडळीचं कॅलेंडर लटकून होतं, २०१९ चं, मार्चचं पान. त्यांची आई गेली तो महिना. दफनविधीला आपण सगळे होतो, मीही होतो, माती टाकली, घरी येऊन पोहे खाल्ले. त्यानंतर एकही माणूस त्या घरात गेला नव्हता. भाऊ म्हणाले, "राग नाही जी, पण पहिल्या महिन्यात वाटलं कोणी येईल, दुसऱ्या महिन्यात वाटलं, मग सवय झाली." मी मनात तयार करून नेलेलं भाषण होतं, उपासना सोडू नये वगैरे. तुम्ही मला डोळ्यानं गप्प केलंत अन् त्यांना आईबद्दल विचारलंत, ती चहा कसा करायची, कुठलं भजन म्हणायची. तासभर बसलो. निघताना तुम्ही एवढंच म्हणालात, "आम्ही यायला हवं होतं. माफ करा." चर्चला या असं म्हणालातच नाही! खाली आल्यावर मी चिडून विचारलं तर म्हणता काय, "येशूच्या गोष्टीत ज्या बाईचं नाणं हरवलं तिनं दिवा लावला, झाडू घेतला, अन् स्वतः शोधलं. नाण्याला लेक्चर नाही दिलं."

बेशाची गृहसभा, म्हणजे घरीच जमून प्रार्थना, त्या भाऊंच्याच हॉलमध्ये सुरू झाली. ती कशी वाढली ते इथले सगळे जाणतात, त्यावर जास्त लिहीत नाही. एकच सांगतो. दुसऱ्या मंडळीचं एक कुटुंब आपल्या पाळकांशी भांडून तिथं आलं, अन् आम्ही कमिटीवाले खूश, चार नावं वाढली. तुम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवलंत, आधी पाळकांशी बोला, समेट करा, मग बघू. मला तेव्हा राग आला होता. आता पटतं, या खिशातले पैसे त्या खिशात टाकले म्हणून कोणी श्रीमंत होत नाही, अन् आपल्या शहरात चर्चची अर्धी वाढ ही अशीच खिसेबदल आहे. अन् आपण कोणत्या गावचे लोक आहोत, तर २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या चर्चेसनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया सुरू केलं ते याच नागपुरात. सहा चर्चेस एक झाली अन् आमच्या कमिटीत कूलरवर एकमत होत नाही, जाऊ द्या.

आता किटलीबद्दल. मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, गडचिरोलीपासून बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतचे पेशंट येतात, अन् सोबतचे नातेवाईक व्हरांड्यात चटई टाकून दिवस काढतात हे तुम्हाला आयुष्यभराच्या नोकरीमुळं ठाऊक. तुम्ही चहाची किटली घेऊन जायचात. पहिल्या दिवशी मी पत्रकांचा गठ्ठा घेतला तर तुम्ही तो ॲक्टिव्हाच्या डिक्कीत ठेवायला लावलात. तुमचे नियम कडक होते. चहा सगळ्यांना, प्रार्थना विचारलं तरच, पैसे कोणाला द्यायचे नाहीत, बरं होईल असं वचन द्यायचं नाही. मला वाटलं घाबरून राहिल्या, कारण आजकाल वातावरण तसं आहेच. पण तुम्हाला कायदा माझ्यापेक्षा जास्त माहीत होता, की घटनेच्या कलम २५ मध्ये आपला धर्म पाळायचा अन् त्याचा प्रचार करायचा हक्क आहे, अन् १९७७ साली सुप्रीम कोर्टानं हेही म्हटलंय की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नाही. तुम्ही म्हणालात, "कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. चहाच्या बदल्यात मिळालेला विश्वास चहा थंड होईपर्यंत टिकतो." दीक्षाभूमीच्या शहरात राहतो आपण, माणूस स्वतः विचार करून आपला धर्म निवडतो म्हणजे काय ते इथं कोणाला शिकवायची गरज नाही.

एका रात्री बालाघाटकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "बाई, तू रोज काऊन येतं? तुले कोण पाठवते?" तेव्हा तुम्ही जमिनीवर बसून येशूबद्दल बोललात, दहा मिनिटं, साध्या भाषेत. मी इतकी वर्षं चर्चमध्ये आहे पण त्या दहा मिनिटांत मला असं वाटलं की मी हे पहिल्यांदा ऐकून राहिलो. बाबा दुसऱ्या दिवशी गावी गेले. पुढं त्यांचं काय झालं आपल्याला माहीत नाही, अन् मी रजिस्टरवाला माणूस, मला ते खटकलं. परतताना तुम्ही रेल्वे स्टेशनकडे बोट दाखवून रेव्हरंड टिळकांची गोष्ट सांगितलीत. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला गाडीनं जात होते, डब्यात एक साहेब भेटला, बोलणं झालं, त्यानं नव्या कराराची प्रत दिली अन् दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आज आपण रविवारी ज्यांची भजनं टाळ-पेटीवर म्हणतो ते टिळक. त्या साहेबाचं नाव आपल्यापैकी कोणालाच सांगता येत नाही, अन् त्याच्या कुठल्या रिपोर्टात "एक माणूस मिळाला" असं लिहिलंही गेलं नसेल.

हिस्लॉप कॉलेजवरून तर मी रोज जातो, पण ज्यांचं नाव कॉलेजला आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ ला स्कॉटलंडहून इथं आले अन् १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पूर आलेला नाला ओलांडताना बुडाले, हे तुम्ही सांगेपर्यंत मला फक्त परीक्षेचं सेंटर म्हणून ते नाव माहीत होतं. "आहे तेवढे सांभाळू" असं त्यांच्या तिकडच्या मंडळीनं म्हटलं असतं तर मी खजिनदार कशाचा असतो?

आता भावाचं. शेवटी लिहितो कारण अवघड जातं. घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद होतं, सात वर्षं. तुम्ही यादीतली सगळी नावं माझ्यासोबत केलीत अन् ते एकच सोडलंत. मी म्हटलं, मावशी चला ना सोबत, तर म्हणालात, "या घरी तू एकटा जायचं." मी तीन शनिवार त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो, पानठेल्यावर उभं राहून. चौथ्या वेळी त्याच्या पोरीनं पाहिलं अन् "मोठे बाबा" म्हणून ओरडली, मग पळता येईना. वाटणी अजून तशीच आहे, अन् तो अजून आत येत नाही. पण ईस्टरपासून लेकीला संडे स्कूलला सोडायला येतो अन् उपासना संपेस्तोवर पार्किंगमध्ये कडुलिंबाखाली गाडीवर बसून राहतो.

गेल्या रविवारी दान मोजायचं काम मी दुसऱ्याला दिलं, तुमच्या किटलीतून दोन कप भरले अन् बाहेर गेलो. बोललो काहीच नाही, उन्हाबद्दल बोललो. त्यानं चहा पिऊन विचारलं, "साखर कोण टाकते रे इतकी?" मी म्हटलं, सिस्टरमावशी. तर म्हणाला, "त्या जाऊन राहिल्या म्हणे, कोणत्या गाडीनं?"

तर मावशी, गाडीची वेळ कळवा. आम्ही दोघं येतो स्टेशनवर, सामान तो उचलेल.

तुमचा,
लाल पेनवाला खजिनदार