बॉयलर रूममधला तो माणूस पुन्हा दाखवा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

४ डिसेंबरला नौदल दिनाचे कार्यक्रम टीव्हीवर लागले होते ते आम्ही घरी सगळ्यांनी बसून बघितले. युद्धनौका, मिसाईल, ड्रोनने वरून घेतलेले शॉट, मागे जोरात म्युझिक. १९७१ ला निपात, निर्घात आणि वीर या तीन मिसाईल बोटींनी कराचीवर जो हल्ला केला त्याचीही आठवण सांगितली, आणि ती सांगायलाच पाहिजे, पोरांना हे माहीत नसतं. पण कार्यक्रम संपल्यावर आई म्हणली, "ह्यात माणसं कुठं दिसली गं?" त्या दिवसापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून जहाजावरची माणसं दाखवणाऱ्या जुन्या फिल्म टीव्हीवर परत लावा हे सांगायला हे पत्र लिहितेय.

आमचे वडील, अप्पा, इथल्याच एका गिरणीत बॉयलरवर फायरमन, म्हणजे बॉयलरची भट्टी सांभाळणारे, होते. मोठा भाऊ १९८५ ला नेव्हीत भरती झाला, आधी ओडिशात चिल्काला आणि मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या केंद्रात इंजिनचं ट्रेनिंग. सोलापूरचा पोरगा आणि समुद्र! आमच्या घरात तोवर सगळ्यात मोठं पाणी म्हणजे हिप्परग्याचा तलाव आणि फार तर उजनी. आईला वाटायचं जहाज म्हणजे मोठी होडी असणार आणि हा त्यात उघड्यावर झोपत असणार. पुढे जहाजावर गेल्यावर त्याच्या पत्राचा पत्ता पण फ्लीट मेल ऑफिस, मुंबई एवढाच, जहाज नेमकं कुठल्या समुद्रात आहे त्याचा पत्ताच नाही.

तर १९८६ ची गोष्ट. चाळीत एकच ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता, शेजारच्या काकूंकडे, आणि दूरदर्शनवर विमानं वाहून नेणाऱ्या जुन्या विक्रांत युद्धनौकेवरची एक माहितीपटाची फिल्म लागली. त्या काळी तसल्या फिल्म लागायच्या, सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या तर टॉकीजला पिक्चरच्या आधी पण दाखवायचे, लोक शेंगा खात बसायचे तोवर. पण त्या दिवशी आमच्या घरातलं कोणी हललं नाही. दादा अजून ट्रेनिंगलाच होता, तरी आई प्रत्येक खलाशाच्या तोंडाकडं बघत होती.

त्या फिल्ममध्ये विमानं होती, पण थोडीच. बाकी सगळी माणसं. एकावर एक तीन बंक, वरच्या बंकवरचा पोरगा तोंड भिंतीकडं करून झोपलेला, बाजूला कोणाचा तरी देवाचा फोटो. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, एकजण हजारावर माणसांचा स्वयंपाक करतोय आणि पातेली घसरू नयेत म्हणून शेगडीला कडेनं लोखंडी बार लावलेले. चार चार तासांच्या ड्युट्या, त्याला ते वॉच म्हणतात, आणि संध्याकाळी चार ते आठच्या वॉचचे दोन तुकडे केलेले, म्हणजे त्याच माणसाच्या वाट्याला रोज रात्रीचीच पाळी येत नाही. हे ऐकून अप्पा म्हणले, "आमच्या गिरणीत हे डोकं कोणी चालवलं नाही बघ."

आणि मग बॉयलर रूम आली. अंगात ओव्हरऑल घातलेला एक माणूस, हातात कॉटन वेस्टचा बोळा, घाम पुसतोय आणि पाण्याच्या काचेकडे बघत उभा आहे. बोलत नाही, हसत नाही, नुसता बघतोय. कॅमेरा पण त्याच्यावरून हलला नाही. अप्पा एकदम पुढं सरकले आणि मोठ्यानं म्हणले, "हे तर आपलं बॉयलर हौस हाय की ओ!" काकूंच्या घरात सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. मग त्यांनी आम्हाला सांगितलं, ती काच म्हणजे बॉयलरमधलं पाणी किती आहे ते दाखवते, पाणी खाली गेलं आणि माणसाचं लक्ष नसलं की नळ्या जळतात, बॉयलर फुटू पण शकतो, म्हणून डोळा काढायचा नाही. फक्त कोळसा कुठं दिसत नाही म्हणून त्यांना चुकल्यासारखं झालं, तर निवेदकानं लगेच सांगितलं की इथं तेल फवारून जाळतात. त्याच वाफेवर जहाज चालतं आणि त्याच वाफेच्या जोरावर विमान डेकवरून फेकलं जातं. बॉयलरला गोडं पाणी लागतं, ते समुद्राच्या पाण्यापासूनच बनवायचं, आणि ते आधी बॉयलरला, मग माणसांना, म्हणून अंघोळीला मोजून पाणी. आई म्हणली, "चहूकडं पाणी आणि तिथं पण नळाची वाट बघायची." सोलापुरात हे कोणाला समजावून सांगायला लागतच नाही.

त्या रात्री आईला पहिल्यांदा नीट झोप लागली. पुढे दादा विराट या दुसऱ्या विमानवाहू जहाजावर गेला, तिथं पण बॉयलरच होते, आणि दादा सुट्टीवर आला की अप्पा आणि तो तासतास वाफेवरच बोलत बसायचे.

आता त्यातलं काय राहिलंय ते बघा. जुनं विक्रांत १९६१ पासून १९९७ पर्यंत नौदलात होतं, मग मुंबईत म्युझियम म्हणून उभं होतं, २०१४ ला मुंबईतच दारूखाना भागात तोडायला घेतलं. विराट २०१७ ला निवृत्त झालं आणि २०२० ला गुजरातमध्ये अलंगला तोडायला गेलं. नवीन विक्रांत २०२२ मध्ये आलं, छानच आहे, पण ते वाफेवर नाही, गॅस टर्बाइनवर चालतं. विक्रमादित्य या आपल्या दुसऱ्या विमानवाहू जहाजावर अजून वाफच आहे, मग तिथल्या बॉयलरवरच्या पोरांचं काम एकदा तरी निवांत दाखवा की. तारिणी बोटीवरून २०१७-१८ ला सहा महिला अधिकारी जगाला वळसा घालून आल्या तेव्हा थोडंफार बघायला मिळालं होतं, त्या शिडं कशी बांधतात, काय खातात, वादळात झोपतात कशा. तसं मोठ्या जहाजांचं पाहिजे. खालच्या डेकवर काम करणारी हजार माणसं असतात आणि आपल्याला दिसतो फक्त डेकवरून उडणारा एक पायलट.

फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. त्यांच्या आणि दूरदर्शनच्या काही जुन्या फिल्म इंटरनेटवर आहेत हे मला माहीत आहे, पण त्या ज्याला शोधता येतात त्यालाच सापडतात. माझी सह्याद्री वाहिनीला विनंती आहे की जलसेनेवरच्या या जुन्या फिल्म मराठी निवेदनासह परत लावाव्यात, आठवड्यातून एक लावली तरी चालेल. आणि तुमच्या पेपरनं पण हा विषय लावून धरावा. आपल्या जिल्ह्यात नेव्हीतून रिटायर झालेली माणसं आहेत, त्यांच्याकडं जाऊन एकदा विचारा, मेस डेकवर, म्हणजे खलाशांच्या राहण्या-जेवणाच्या जागेत, दिवाळी कशी असायची, घरच्या पत्रांची पिशवी आली की काय व्हायचं.

अप्पांची गिरणी कधीच बंद पडली, अप्पा पण आता नाहीत. त्यांच्या बॉयलर हाऊसचा एक फोटोसुद्धा आमच्या घरात नाही. नातवानं विचारलं की पणजोबा काय काम करायचे, तर दाखवायला माझ्याकडं तेवढी एकच जागा आहे, ती विक्रांतवरची फिल्म.

आई आता ८१ वर्षांची आहे. रात्री साडेनऊला झोपते, तेवढं फक्त वेळ ठरवताना लक्षात ठेवावं ही विनंती.

आपली एक जुनी वाचक,
मुरारजी पेठ, सोलापूर